आग्रा रोड, गावची पातेली आणि २०२० चा वैशाख

मुंबई-आग्रा महामार्गाला नाशिककर आजही आग्रा रोडच म्हणतात. कसारा घाट चढून हा रस्ता इगतपुरी, घोटी, नाशिक, ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड आणि उमराण्यावरून मालेगावला जातो व पुढे धुळ्यामार्गे मध्य प्रदेशात शिरतो. २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्यानंतर वैशाख संपेपर्यंत मुंबई, ठाणे व भिवंडीतून निघालेले मजूर याच रस्त्याने उत्तर प्रदेश, बिहार आणि मध्य प्रदेशाकडे चालत गेले. काही सायकलींवर होते, काही टेम्पोत दाटीवाटीने उभे होते, तर काही जण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा घेऊन बायकामुलांसह थेट गावाला निघाले होते. त्यांच्या हालांविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला रस्त्याकडेच्या गावांचे ऐकायचे होते. स्वतः घाबरलेल्या या गावांनी त्या माणसांसाठी काय केले, आणि पुढच्याच वर्षी दुसरी लाट त्यांच्या घरांत शिरली तेव्हा ती कशी उभी राहिली, हे त्यांच्याच तोंडून कळावे एवढीच इच्छा होती. यंदा मे महिन्याच्या अखेरीस भाची पुण्याहून सुट्टीला आली, आणि आम्ही दोघी कसाऱ्यापासून मालेगावपर्यंत, चालणारे ज्या दिशेने गेले त्याच दिशेने, थांबत थांबत गेलो.

शुक्रवार : कसारा घाट, इगतपुरी, घोटी

सकाळी लवकर कसारा गाठले आणि तिथून जीपने घाटाच्या निम्म्यापर्यंत जाऊन पुढचा थोडा भाग पायी चढलो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून घाईची बरीच वाहने तिकडून जातात, तरी जुन्या घाटात मालमोटारींची रांग असतेच, त्यामुळे पायी चालणाऱ्यांनी कडेची मातीची पट्टी सोडू नये. दहा वाजेपर्यंत अंगाची लाही झाली होती. सोबत दोन लिटर पाणी होते, पायांत बरी पादत्राणे होती आणि थकलो तर हात दाखवून थांबवता येईल अशी वाहने समोरून जात होती. तरीही त्या चढावर भाची गप्प झाली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, कडेवर मूल घेऊन हा घाट चढायचा म्हणजे काय असेल गं?"

वळणावर एक बाई पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसल्या होत्या. त्या जवळच्याच पाड्यावरच्या. २०२० च्या उन्हाळ्यात गाड्याच बंद, त्यामुळे गिऱ्हाईक नव्हते. पण करवंदे पिकायची काही थांबली नव्हती. "घरात ठेवून नासवायची का? मग पोरांच्या ओंजळीत टाकायची. मोठी माणसं हात पुढे करायला लाजायची, पोरं नाही लाजायची," असे त्या म्हणाल्या. पाण्याचे हंडे त्यांनी आणि जावेने खालच्या विहिरीवरून आणून रस्त्याकडेला ठेवले होते. आजाराची भीती वाटली नाही का, असे विचारल्यावर त्यांनी डोंगराकडे हात केला आणि एक जुनी गोष्ट सांगितली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा जो पायी मोर्चा निघाला, त्यात त्या स्वतः चालल्या होत्या. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी निघालेल्या त्या मोर्चात आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि मुंबईत पोहोचेपर्यंत अनेकींच्या तळपायांची सालटी निघाली होती. तिथल्या लोकांनी त्यांना पाणी दिले, जेवण दिले, पायांत घालायला चपला दिल्या. "मला निळ्या पट्ट्याची चप्पल मिळाली. देणारी बाई कोण, कुठली, काही ठाऊक नाही. मग ही माणसं मुंबईकडूनच आली ना?" त्यांच्या लेखी हिशेब इतका सरळ होता, आणि तो तसाच असावा असे मलाही वाटते.

घाटनदेवीपाशी वारा सुटला होता. खाली दरीत धुरकट ऊन आणि वर इगतपुरीच्या बाजूला वळवाचे ढग, अशी हवा मे अखेरीस इथे नेहमी असते. दुपारनंतर एखादी सर येतेच, म्हणून प्लास्टिकचा कागद जवळ असलेला बरा. आम्हाला ती सर घोटीत गाठली. तिथे आम्ही एका मुरमुऱ्याच्या भट्टीत आसरा घेतला आणि तासभर बसून राहिलो. घोटी म्हणजे भाताची पेठ. गिरण्या आणि भट्ट्या हे इथले जुने धंदे. भट्टीवाले काका साठीच्या पुढचे, त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर तरुणपणापासून पंढरपूरला चालत जाणारे. चालणाऱ्याला काय द्यावे याचे त्यांचे शास्त्र पक्के होते. उन्हातून आलेल्या माणसाला लगेच पोटभर जेवू घालू नये. आधी गुळाचा खडा आणि पाणी द्यावे, मग पाय धुवायला कोमट पाणी, तळव्यांना तेल, आणि घटकाभर बसल्यावर भाकरी. वाटेत खायला द्यायचे ते नासणारे नको आणि जडही नको. म्हणून त्यांनी आणि शेजारच्या दुकानदारांनी मुरमुरे, फुटाणे आणि गूळ यांच्या पुड्या बांधल्या. कोणी तरी पोळीभाजीची पाकिटे आणली होती, ती वैशाखाच्या उन्हात दुपारीच आंबली. पुड्या मात्र पार धुळ्यापर्यंत पुरल्या असतील, असे काका म्हणाले. त्या वर्षी पालखी पायी निघालीच नाही. मानाच्या पालख्यांतील पादुका मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. "आमची वारी चुकली म्हणून घरात सगळे हळहळत होते," काका म्हणाले, "मी म्हटलं, आपण दोन महिने दिंडीतच होतो की."

मुक्काम घोटीतच केला. रात्री नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि कैरीची चटणी. जेवण साधे आणि फार चविष्ट.

शनिवार : वाडीवऱ्हे ते नाशिक

वाडीवऱ्ह्याच्या पुढे एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची भेट ठरली होती. टाळेबंदीत शिक्षकांना तपासणी नाक्यांवर आणि निवारा केंद्रांवर कामाला लावले होते. गुरुजींनाही महामार्गावरच्या एका नाक्यावर नेमले होते. पायी निघालेल्या अनेकांना तेव्हा नाशिक जिल्ह्यात थांबवून शाळांत व वसतिगृहांत ठेवले गेले. सरकारी नमुन्यात भरायची माहिती वेगळी होती, परंतु गुरुजींनी स्वतःसाठी एक दोनशे पानी वही ठेवली. ती त्यांनी आमच्यासमोर उघडली.

शाळेच्या हजेरीपटासारखे हाताने आखलेले रकाने होते. नाव, जिल्हा, कुठून निघाले, सोबत किती, आणि शेवटच्या रकान्यात चपलेचा नंबर. भाचीने त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले तेव्हा गुरुजी म्हणाले, "पहिल्या आठवड्यात मी फक्त नाव-गाव लिहीत होतो. मग लक्षात आलं की माणूस पुढे जाणार की नाही हे त्याच्या पायांवर आहे. नाशिकच्या एका ओळखीच्या दुकानदाराला नंबर कळवायचो, तो बंद दुकानाच्या मागच्या दारातून चपला काढून द्यायचा. पैसे गावातल्या शिक्षकांनी काढले." आजमगढ, गोंडा, सतना, रीवा, सिद्धार्थनगर, जौनपूर अशी जिल्ह्यांची नावे एकाखाली एक होती. लहान मुलांच्या नावांपुढे नंबराऐवजी एक रेघ होती. मुलाचे पाऊल वहीवर ठेवून तेवढी रेघ पेन्सिलने ओढलेली. मी त्यातल्या एका रेघेवर तळहात ठेवून पाहिला. ती माझ्या मनगटापासून मधल्या बोटाच्या पेरापर्यंतही पोहोचत नव्हती.

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले की टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले याची माहिती उपलब्ध नाही. आदल्याच मे महिन्यात, ८ तारखेला पहाटे, जालन्याहून भुसावळकडे निघालेले आणि औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले होते. अशा देशात एका गावच्या शिक्षकाने स्वतःच्या खर्चाने ठेवलेली ती वही मला फार मोलाची वाटते. गुरुजींना त्यात विशेष काही वाटत नव्हते. शाळा बंद होती आणि हजेरी घ्यायची सवय होती, एवढेच ते बोलले.

दुपारी नाशिक रोड. १ मे २०२०, महाराष्ट्र दिन. त्या रात्री महाराष्ट्रातली पहिली श्रमिक विशेष गाडी इथूनच भोपाळला सुटली. तीत निवारा केंद्रांतले सव्वातीनशेहून अधिक मजूर होते. दुसऱ्या दिवशी लखनौची गाडी गेली आणि तीत आठशेहून अधिक. पुढे देशभरात अशा चार हजार सहाशेहून अधिक गाड्या धावल्या आणि सुमारे ६३ लाख माणसे घरी पोहोचली. स्थानकाबाहेरच्या रसवंतीवाल्या दादांना ती रात्र आठवत होती. मजूर रांगेत, अंतर ठेवून, हातात जेवणाची पिशवी घेऊन उभे होते आणि गाडी हलली तेव्हा फलाटावरच्या पोलिसांनी टाळ्या वाजवल्या, असे त्यांनी ऐकले होते. ते स्वतः तेव्हा पुलावरून पाहत होते.

संध्याकाळी गोदाकाठी गेलो. सिंहस्थाच्या कामांमुळे रामकुंडाच्या परिसरात रस्ते वारंवार वळवले जातात, तेव्हा गाडी पंचवटीत न नेता रविवार कारंजाजवळ सोडून पायी उतरणे सोयीचे. भांडी बाजारात जायचे कारण घोटीच्या काकांनी दिले होते. "गावोगावची पातेली तिथं नाव टाकून जातात, तिथं जा," असे ते म्हणाले होते.

भांड्यांवर नावे घालणारे दादा एका दुकानाच्या पायरीवर बसतात. पूर्वी हातोडी आणि छिन्नी असे, आता विजेवर चालणारी सुई आहे, पण अक्षर ठिपक्याठिपक्यानेच उमटते. लग्नसराईत "चि. सौ. कां." आणि एरवी "स्मरणार्थ", असे त्यांच्या कामाचे दोन हंगाम. २०२१ चे विचारले तेव्हा त्यांनी यंत्र बंद केले. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमध्ये साथीचा कहर होता. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. बाजारही बंदच होता. जूनमध्ये दुकाने उघडली आणि लोक भांडी घेऊन आले. "लग्नाचं एक भांडं नाही, सगळी स्मरणार्थ. दिवसभर तेच. एकाच आडनावाच्या तीन पराती, एकाच दिवशी," दादा म्हणाले. "तेराव्याला गाव जेवू घालता आलं नव्हतं ना. ज्यांना ते लागून राहिलं, त्यांनी गावाला भांडं दिलं." कुठल्या गावांना, हे त्यांना आठवत होते. त्यांनी चांदवडपुढच्या एका गावाचे नाव सांगितले.

रविवार : चांदवड आणि राहुड घाटापलीकडचे गाव

ओझर, पिंपळगाव मागे पडले तशी द्राक्षबागांची हिरवळ संपत गेली आणि कांद्याच्या चाळी दिसू लागल्या. चांदवडला आधी रेणुकामातेचे दर्शन घेतले, मग गावात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल बाहेरून पाहिला. ३१ मे ही त्यांची जयंती, त्यामुळे गावात तयारी चालू होती. वाटसरूंसाठी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या बाईंच्या गावातून पुढे निघताना या रस्त्याची जुनी रीत किती खोल आहे ते जाणवले. चांदवडला सकाळी अकरानंतर पायी फिरू नये. आम्ही शेवभाजी आणि बाजरीची भाकरी खाऊन चार वाजेपर्यंत एका ओळखीच्या घरी पडून राहिलो.

राहुड घाटापलीकडचे ते गाव महामार्गापासून थोडे आत आहे. फाट्यावर चहाची टपरी, आत शिरल्यावर मारुतीचे मंदिर आणि मंदिराला लागून भांड्यांची खोली. खोलीची किल्ली ऐंशीच्या आसपासच्या एका बाबांकडे असते. आम्ही का आलो ते सांगितल्यावर त्यांनी काही न विचारता कुलूप काढले. आत मोठ्यापासून लहानापर्यंत एकात एक बसवलेली पातेली, भिंतीला टेकवलेल्या पराती, खुंटीला झारे आणि ओगराळी, कोपऱ्यात तांब्याचे दोन जुने हंडे. हरिनाम सप्ताह, लग्न, तेरावे, कशालाही गावातल्या कोणीही ही भांडी न्यावीत, वहीत सही करावी, घासून परत आणावीत, असा नेम. प्रत्येक भांड्याच्या काठाखाली ठिपक्यांची ओळ आहे : कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, सप्ताह मंडळास भेट, आणि साल. मी कंदिलासारखा मोबाइल धरून वाचत गेले. १९८७. १९९४. २००६. मग ओळीने २०२१, २०२१, २०२१.

बाबांनी सगळे क्रमाने सांगितले. २०२० चा सप्ताह हनुमान जयंतीला, ८ एप्रिलला संपायचा होता. घरटी धान्य आधीच गोळा झाले होते, किराणाही भरला होता, आणि पाडव्यालाच सगळे बंद झाले. गावाने वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला; हेही बाबांनी लपवले नाही. त्याच आठवड्यात फाट्यावरून माणसे चालत जाऊ लागली. मग गावात वाद झाला. काहींचे म्हणणे, भांडी बाहेर गेली तर आजार घरात येईल. काहींचे म्हणणे, सप्ताहाचे धान्य देवाचे आहे, ते दारात ठेवून माणसे उपाशी जाऊ दिली तर पुन्हा सप्ताहात कोणत्या तोंडाने बसायचे. बाबांच्या वहिनी, तेव्हा नव्वदीच्या, ओट्यावरून एवढेच म्हणाल्या होत्या, "वाटसरूले उपाशी धाडानं नही." शेवटी तोड निघाली. फाट्याला गेलेली भांडी टाळेबंदी उठेपर्यंत गावात परत आणायची नाहीत, आणि जी माणसे स्वयंपाकाला जातील त्यांनी तिकडेच कांद्याच्या चाळीत झोपायचे. गावातले एक आचारी आणि त्यांच्यासोबत पाच-सहा तरुण निघाले. बाजार समित्या विस्कळीत, उन्हाळ कांद्याला भाव नाही, अशी स्थिती होती. चाळीत कांदा रचत रचतच त्यांनी चुली मांडल्या. डाळ-भात, कधी पिठले-भाकरी, सोबत फोडलेला कांदा. जेवणारे चुन्याने आखलेल्या वर्तुळात बसत. रात्री चालणारेही चाळीच्या सावलीला, दुसऱ्या टोकाला, झोपत. २६ एप्रिलला आखाजी होती. पितरांच्या नावाने घागर भरायचा तो सण. त्या दिवशी गावातल्या बायकांनी आपापली घागर फाट्यावर नेऊन ठेवली.

वेशीवर काट्या टाकणारे गाव आणि फाट्यावर चूल पेटवणारे गाव एकच होते. या गोष्टीतली हीच बाजू मला सगळ्यात खरी वाटली. भीती गेली म्हणून त्यांनी अन्न शिजवले नाही. भीती होती तशीच ठेवून, तिच्यासाठी वेगळी चूल आणि वेगळी झोपायची जागा करून, त्यांनी काम चालू ठेवले. शहरात आम्ही दारे लावून बसलो होतो तेव्हा ही अक्कल या गावाकडे होती, कारण शंभर माणसांचे जेवण कसे रांधायचे, कोणी वाढायचे आणि भांडी कोणी घासायची हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

तो आचारी दुसऱ्या लाटेत गेला. मे २०२१. प्राणवायूची खाट शोधत त्याला चांदवड, पिंपळगाव, नाशिक असे फिरवले होते. त्याच्या बायकोच्या घरी बाबांनीच आम्हाला नेले. चाळिशीच्या ताई, दारात पिठाची गिरणी, दोन मुली. त्या आधी बोलल्या नाहीत; भाचीने मुलीच्या वहीतले चित्र पाहून काही विचारले, तेव्हा हळूहळू बोलू लागल्या. "त्यांनी सगळ्या गावाची तेरावी रांधली आणि त्यांच्या तेराव्याला पाच माणसं. ते मनातून जाईना. मग मी मोठं पातेलं घेतलं. दुकानदार म्हणाला, ताई, लहान घ्या. मी म्हटलं, नाही, ते ज्यात डाळ घालायचे तेवढंच पाहिजे." अंगणवाडीच्या बाईंनी अर्ज भरून दिले, ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान खात्यात आले आणि बचत गटाच्या कर्जाची भर घालून त्यांनी ही गिरणी बसवली. दीर जमिनीचा वाटा द्यायला तयार नव्हते. बाबांनी आणि त्या वेळच्या स्वयंपाकी पोरांनी मध्ये पडून तो वाद मिटवला. ते ताईंनी दोन वाक्यांत सांगितले, पण त्या दोन वाक्यांमागे किती बैठका आणि किती अपमान असतील याची कल्पना करता येते. अशा एकल महिलांसाठी राज्यात २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' सुरू झाले, कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यांत समित्या केल्या. तरीही घरातल्या वाटणीचा प्रश्न गावातच सोडवावा लागतो आणि तिथे बाईच्या बाजूने बोलणारा माणूस लागतो. ताईंना तो मिळाला. सगळ्यांना मिळाला नाही, हे त्यांनीच सांगितले.

निघताना ताईंनी ताजे दळलेले बाजरीचे पीठ दिले. पैसे घेतले नाहीत.

सोमवार : मालेगाव

उमराण्याच्या बाजार समितीपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, म्हणून मालेगावला पोहोचायला दुपार झाली. कॅम्प भागातल्या एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला उतरवून घेतले आणि संध्याकाळी त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या घरी, यंत्रमागांच्या वस्तीत नेले. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढे दुष्काळाच्या काळात उत्तरेकडच्या विणकरांची कुटुंबे मालेगावात येऊन वसली. या घराचे मूळ बनारसकडचे. यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून जमिनीत उतरतो आणि बोलताना आवाज चढवावा लागतो.

८ एप्रिल २०२० ला मालेगावात पहिले रुग्ण सापडले आणि काही आठवड्यांत शहर राज्यातल्या सर्वाधिक बाधित ठिकाणांपैकी एक झाले. बंदोबस्ताला आलेले राज्य राखीव दलाचे जवानही आजारी पडले. माग थांबले, मजुरी थांबली, आणि बाहेर शहराविषयी वाईट बोलले जाऊ लागले. ते शेवटचे घरच्या आजींना अधिक लागले होते. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. घरच्या बायका रोजा धरून दुपारी रोट्या लाटत आणि मुलगे त्या महामार्गाच्या वळणरस्त्यावर पोहोचवत. "ते आमच्याच मुलखात चालले होते," आजी म्हणाल्या. "आमचे पणजोबा तिकडून आले तेव्हा त्यांना वाटेत कोणी तरी दिलंच असेल, नाही तर ते पोहोचले कसे?" कॅम्पातल्या आमच्या बाई तेव्हा घरच्या आमरसाची भांडी याच घरी पाठवत होत्या, कारण दोन्ही वस्त्यांमध्ये अडथळे होते तरी दूधवाला मात्र येत-जात होता.

मागावर काम करणारा आजमगढचा एक तरुण तिथेच भेटला. तो तेव्हा मेच्या मध्याला निघाला. एसटी महामंडळाच्या गाड्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडत होत्या; त्याला बिजासन घाटात उतरवले आणि पुढचा प्रवास कधी ट्रकने, कधी पायी झाला. दिवाळीनंतर तो परत आला, कारण गावात काम नव्हते. कोणत्या गावाने जेवू घातले ते त्याला आठवत नव्हते. आता रेशन इथेच मिळते, ई-श्रम कार्डही आहे, पण मालकाने अर्ध्या पगाराने महिना काढायला सांगितला तर काय करायचे याचे उत्तर त्या कार्डात नाही, असे तो शांतपणे म्हणाला.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. वस्ती पाहायची असल्यास इतर दिवशी जावे आणि ओळखीच्या माणसासोबतच आत जावे, घराघरांत काम चालू असते. चहासाठी मात्र वेगळी ओळख लागत नाही.

मंगळवार : मनमाडमार्गे परत

परतीला मनमाडचा गुरुद्वारा गुपतसर साहिब पाहिला आणि लंगरात जेवलो. डाळ, रोटी, खीर. वाढणाऱ्यांत शाळकरी मुले होती. स्थानक जवळ आहे, तेव्हा गाडीच्या वेळेआधी तास-दीड तास हाताशी ठेवून इथे अवश्य जावे.

गाडीत भाचीने गुरुजींच्या वहीची छायाचित्रे उघडली आणि पहिले पान टंकायला घेतले. सारी पाने नीट टंकून एक प्रत गुरुजींना, एक त्यांच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात, आणि एक नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी, असे आमच्या मनात आहे. १८४० पासून चालत आलेल्या त्या संस्थेत ती वही पुढच्या लोकांना पाहता यावी. चपलांचे नंबर आणि मुलांच्या पावलांच्या रेघा जशाच्या तशा ठेवायच्या. गुरुजींना फोन करून विचारले. त्यांनी होकार दिला. माणसांचे फोन नंबर तेवढे गाळावेत, एवढीच त्यांची अट आहे.